बिबट्या पकडला, पुढे काय?

मानखुर्द सोडून लोकल वाशीकडे निघाली, की रुळांच्या आजूबाजूला खारफुटी दिसू लागते आणि मग खाडीपूल येतो. ही सार्वजनिक जमीन कुणीतरी अधिकारी सांभाळत असतो. अडचण आली की तो विचार कसा करतो, याविषयी आज थोडे बोलू.

ढोबळमानाने दोन तऱ्हा दिसतात. एक, जे डोळ्यांना खुपते ते उचलून बाजूला करायचे. दुसरी, ते तिथे का आले याचा माग काढायचा. पहिलीची किंमत मुंबईने बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोजली आहे. २००४ साली उद्यानाभोवती बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसे दगावली. पिंजरे लागले, बिबटे धरले गेले. लोक इतके घाबरलेले असताना अधिकाऱ्यांनी दुसरे काय करायचे, हेही खरेच. पण बिबट्या हलवला की त्याची जागा दुसरा घेतो, आणि नव्या मुलखात सोडलेला बिबट्या बावचळतो. जुन्नर भागातील बिबटे पकडून इतरत्र सोडल्यावर हल्ले वाढल्याचे विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात दिसून आले.

२०११ मध्ये उद्यानाचे तेव्हाचे प्रमुख सुनील लिमये यांच्या काळात वन खात्याने अभ्यासक आणि नागरिकांना सोबत घेतले. मग प्रश्नच बदलला. वस्तीत कचरा, कचऱ्यावर कुत्री, कुत्र्यांमागे बिबट्या! म्हणजे उपाय पिंजऱ्याइतकाच कचराकुंडीत, गल्लीतल्या दिव्यात आणि शौचालयातही होता. हल्ले कायमचे संपले, असे मात्र नाही. २०२२ मध्ये आरे वसाहतीत एका चिमुरडीचा जीव गेला.

आता पुन्हा खाडीकडे येऊ. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये खारफुटीची तोड आणि तिच्यात राडारोडा टाकणे यांवर बंदी घातली. २०१२ मध्ये वन खात्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला, तर २०१५ मध्ये सुमारे १,६९० हेक्टरांचे ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झाले. इथेही तीच गंमत आहे. झाडे मेली, की रोपे लावणे हा सोपा उपाय. रोपांचा आकडा अहवालात शोभतो, फोटोही छान येतो. पण खारफुटीला भरतीचे पाणी लागते. भरावाने किंवा बांधाने ते अडले, तर नवी रोपेही जुन्या झाडांच्याच वाटेने जातात. पाण्याची वाट मोकळी केली, तर भरतीबरोबर बिया आपसूक येऊन रुजू शकतात. शिवाय उघडा दिसणारा प्रत्येक चिखल ओसाड नसतो. फ्लेमिंगो तिथेच चरतात. तिथे रोपे लावणे म्हणजे त्यांच्या ताटावर मांडव घालणे.

अडचण अशी, की खाडीकाठची जमीन एका खात्याची नाही. वन, महसूल, मीठ विभाग, महापालिका अशा हद्दी एकमेकींना खेटून आहेत. राडारोड्याचा ट्रक रिकामा होतो एकाच्या हद्दीत, पाणी तुंबते दुसऱ्याच्या. नकाशावर हे कळत नाही. ट्रॉम्बे कोळीवाड्यातल्या जाणत्या माणसाबरोबर ओहोटीला तासभर चिखलातून फिरले, तर कळण्याची शक्यता अधिक.