समान कायदा आणि आपलें घर

समान नागरी कायद्याचा विषय निघाला कीं आमच्या पेठेंतील मंडळी तत्काळ तलाकाकडे बोट दाखवितात. तो अन्याय खराच. हमीद दलवाई यांनीं १९७० सालीं याच पुण्यांत मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापिलें, तें अशा अन्यायांविरुद्धच. एका दमांत दिलेला तिहेरी तलाक २०१९ च्या कायद्यानें गुन्हाही ठरला. पण आपल्या घरचें काय? मिताक्षरेनें पुत्राला जन्मतः दिलेला हक्क महाराष्ट्रांत कन्येला १९९४ सालीं मिळाला, तोही तोंवर अविवाहित असलेलीलाच. विवाहितेस २००५ पर्यंत थांबावें लागलें. शिवाय ‘हिंदु अविभक्त कुटुंब’ म्हणून प्राप्तिकरांतील निराळी सोय आम्ही घेतोंच कीं! ती सोडा, असें म्हणणारा गृहस्थ आम्हांस अद्यापि भेटलेला नाहीं. आणि वांटणीच्या वेळीं बहिणीपुढें हक्कसोडपत्र सारण्याची चालही सुटलेली नाहीं.