दुसरा गिअर का सटकतो?

गेल्या पावसाळ्यात आमच्या अपघात विभागात कॉलेजात जाणारा एक मुलगा आला. चिखलाच्या ट्रॅकवर शर्यतीचा सराव करताना पडला होता, डावं कॉलर बोन मोडलं होतं. “गिअर सटकला, डॉक्टर,” असं तो सारखं सांगत होता. मी केसपेपरवर ‘मोटारसायकलवरून पडून’ एवढंच लिहिलं आणि हात झोळीत बांधून दिला. निघताना तो म्हणाला, “आधीपण दोनदा सटकला होता. फोर्क नवीन टाकला, तरी पुन्हा तेच.”

औषध दिलं, बरं वाटलं, महिन्याने तेच दुखणं परत आलं, असं रुग्ण सांगतो तेव्हा पहिलं निदान अर्धवट होतं असं समजायचं असतं. तीस वर्षांच्या नोकरीत एवढं कळलंय. माझी स्कूटर ज्या मिस्त्रींकडे असते त्यांच्याकडेच मी त्याला पाठवलं, आणि कुतूहल म्हणून रविवारी स्वतःही जाऊन बसलो.

गाडी आरएक्स १००. भारतात १९८५ साली आलेली, १९९६ साली बंद झालेली, आणि तरीही आपल्याकडे मातीच्या शर्यतींत पळणारी टू-स्ट्रोक.

मिस्त्रींनी पान्याला हातच लावला नाही. आधी विचारलं, “कधी सटकतो रे? ॲक्सिलेटर देताना का सोडताना? सगळेच गिअर का एकच? गाडी थंड असताना का तापल्यावर?” अपघात विभागातल्या घाईत मी त्या मुलाला असा एकही प्रश्न विचारला नव्हता.

या प्रश्नांमागचं शास्त्र सोपं आहे. गिअर जागेवर राहतो, इंजिन ओरडतं, पण गाडी ओढत नाही, तर दोष क्लच प्लेटचा. उभ्या गाडीत न्यूट्रल सापडत नाही, प्रत्येक गिअर जड पडतो, तर क्लच पूर्ण सुटत नाही. बऱ्याचदा नुसती केबल ताणून काम भागतं. सगळेच गिअर अर्धवट पडत असतील, तर पायाच्या लिव्हरपासून आत जाणारी यंत्रणा किंवा तिची स्प्रिंग बघायची. त्यासाठी क्लचचं झाकण काढलं की पुरतं. मुलाचं उत्तर मात्र वेगळं होतं. फक्त दुसरा गिअर, आणि तोही चढावर जोर दिला की. मिस्त्रींनी मान हलवली. “चेंबर फोडायला लागतंय.”

गिअर बदलताना दाते एकमेकांत जाऊन बसतात, असा आपला समज असतो. माझाही होता. खरं तर मोटारसायकलच्या गिअरपेटीत दात्यांच्या सगळ्या जोड्या कायम एकमेकांत अडकलेल्याच असतात. प्रत्येक जोडीतलं एक चाक शाफ्टवर मोकळं फिरत असतं. गिअर टाकला की फोर्क नावाचा लोखंडी चिमटा शेजारचं चाक सरकवतो आणि त्याच्या कडेच्या जाड खुंट्या मोकळ्या चाकाच्या खाचांत शिरतात. मग ते चाक शाफ्टबरोबर फिरू लागतं. मिस्त्री या खुंट्यांना ‘डॉग’ म्हणतात. त्यांच्या बाजू किंचित आत तिरप्या कापलेल्या असतात. त्यामुळे जोर आला की त्या सुटत नाहीत, उलट एकमेकींना ओढून धरतात.

ही गंमत टोकदार कडेवर अवलंबून असते. क्लच न दाबता गिअर मारणं, उडी मारताना हवेत मोकळं फिरलेलं मागचं चाक एकदम जमिनीला टेकणं, या प्रत्येक धक्क्याला कड थोडी थोडी गोल होते. गोल झालेली खुंटी जोर आला की ओढण्याऐवजी बाहेर ढकलू लागते. तिला अडवायला उरतो बिचारा फोर्क. तो घासतो, तापतो, वाकतो. म्हणजे वाकलेला फोर्क हा बहुतेक वेळा आजार नसतो, परिणाम असतो. आधीच्या कारागिराने नेमका तोच बदलला होता.

खोलण्याआधी मिस्त्रींनी गिअर ऑइल पांढऱ्या थाळीत काढलं आणि त्यातून लोहचुंबक फिरवलं. चुंबकाला लागलेली बारीक करडी पेस्ट चालते, पण इथे तांदळाच्या कणीएवढे तुकडे निघाले. रक्ताचा रिपोर्ट यायच्या आधीच निदान दिसावं तसं.

मग फ्रेममधून इंजिन उतरलं. मॅग्नेट पुलर लावून काढला. हातोडी मारली तर क्रँक वाकतो. चेंबरचे दोन भाग वेगळे करताना सांध्यात स्क्रूड्रायव्हर घालायचा नाही, ओरखडा पडला की तिथून ऑइल गळतं. दुसऱ्या गिअरच्या खुंटीवरून मिस्त्रींनी माझं बोट फिरवलं. कड नव्हतीच, धुतलेल्या साबणासारखी गोलाई. नवा टाकलेला फोर्क टोकाला निळा पडलेला, काचेवर ठेवला तर डुगडुगत होता.

वाद झाला तो सुट्या भागांवरून. मुलगा जुन्या बाजारातून एकच चाक आणणार होता. मिस्त्री ठाम राहिले. खुंट्यांचं चाक आणि खाचांचं चाक, दोन्ही बदलायची. झिजलेल्या खाचेत नवी खुंटी बसवली तर तीही लवकर गोल होते. फोर्क नवा, लॉक सगळे नवे, कारण एकदा ताणलेलं लॉक पुन्हा तितकंसं धरत नाही. वायसर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवलेले. त्यातला एक उलटसुलट झाला तर पेटी पुन्हा उघडायची. बेअरिंग आणि ऑइल सीलही याच वेळी बदलले. क्लचच्या बाजूचं सील गेलं की गिअर ऑइल इंजिनात जाऊन जळतं. धूर वाढतो, ऑइल कमी होतं आणि गिअर कोरडे पडतात.

इथे मला राहवलं नाही. मिस्त्री हात पेट्रोलने धूत होते. कातडीवरचं नैसर्गिक तेल पेट्रोलने जातं, भेगा पडतात, खाजरा इसब होतो. नायट्राइलचे हातमोजे आणि साबण वापरा, म्हटलं. आणि नळी तोंडात धरून पेट्रोल ओढणं तर कायमचं बंद करा, ते फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. चुकून गिळलं तर ओकारी काढू नका, थेट रुग्णालयात या. “बरं साहेब,” ते हसले. हातमोजे आता दिसतात, निदान मी गेल्यावर तरी.

चेंबर बंद केल्यावर, वरचं काही जोडायच्या आधी, त्यांनी शाफ्ट हाताने फिरवत सगळे गिअर वर-खाली टाकून पाहिले. चारदा. “दोनशे किलोमीटरनंतर ऑइल काढून परत चुंबक फिरवायचं. ये त्या दिवशी,” ते मुलाला म्हणाले. त्याने झोळीतल्या हाताने खिसा चाचपला, आमचाच केसपेपर काढला आणि एक्स-रेच्या तारखेखाली ही तारीख लिहून घेतली.