घंटागाडीमागची वेठबिगारी

सकाळी गल्लीत घंटागाडी आली की आपण डबा घेऊन धावतो. कचरा गेला, अंगण स्वच्छ झाले, म्हणजे आपले काम संपले. पण गाडीच्या मागे उभ्या असलेल्या बाईच्या हातात महिनाअखेरीस किती रुपये पडतात, हे आपल्यापैकी कितीजणांनी तिला विचारले आहे? बारामती असो की इंदापूर, हे काम करणाऱ्यांत आपलीच माणसे जास्त. म्हणून हा प्रश्न आपल्या घरचा आहे.

आमच्या भागातील एका भगिनीची हकिकत सांगतो. मुलीच्या लग्नासाठी तिने कचरा उचलणाऱ्या ठेकेदाराच्या मुकादमाकडून ३० हजार रुपये उचल घेतली. पगारातून दरमहा २ हजार कापायचे ठरले. २७ महिने झाले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, कारकुनी करणारा माणूस. मला भाषणापेक्षा वही लवकर समजते. २७ गुणिले २ हजार म्हणजे ५४ हजार. तरीही मुकादम म्हणे, "मावशी, अजून २२ हजार बाकी आहे." वही मागितली, तर वहीच नव्हती. तिचे बँकेचे कार्ड मुकादमाच्या खिशात. दुसरीकडे कामाला जाते म्हटले, तर "आधी बाकी फेड!" पायात बेडी नव्हती, पण ती बांधलेलीच होती.

जुने वतन, नवी उचल

आपल्या वाडवडिलांना हे नवीन नाही. महार वतनात थोडी जमीन आणि बलुते द्यायचे आणि त्या बदल्यात आख्ख्या कुटुंबाला रात्रंदिवस राबवायचे, मेलेली जनावरे ओढायला लावायचे, अशी रीत होती. दिले किती ते ठरलेले, काम किती ते मात्र कधीच ठरलेले नाही! म्हणूनच परमपूज्य बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने ही वतने रद्द झाली. राज्यघटनेच्या कलम २३ ने वेठबिगारीवर बंदी घातली. वतन गेले, पण त्याच्या जागी उचल येऊन बसली. आजही अनेक ठिकाणी हजेरीपटावर सफाई करणाऱ्याच्या नावापुढे 'बिगारी' असा शब्द लिहिला जातो. वेठबिगारीतलाच हा शब्द आहे, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

कायदा काय सांगतो?

वेठबिगार पद्धती (निर्मूलन) कायदा १९७६ सालचा. कर्ज किंवा उचल देऊन माणसाला कामाशी बांधून ठेवले असेल, तर ते कर्जच या कायद्याने संपते. फेडायचा प्रश्न उरत नाही. "हे वेठबिगारीचे कर्ज नाही" हे सिद्ध करण्याची जबाबदारी मजुरावर नाही, कर्ज देणाऱ्यावर आहे. सक्तीने राबवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे हीसुद्धा कलम २३ खालची सक्तीची मजुरीच होय.

या कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात व उपविभागात दक्षता समिती असावी लागते. बारामती व इंदापूर हे दोन्ही तालुके बारामतीच्या प्रांताधिकाऱ्यांकडे येतात. समितीवर अनुसूचित जाती-जमातींच्या ३ आणि समाजसेवकांच्या २ व्यक्ती नेमायच्या असतात. आपल्या उपविभागात त्या कोण आहेत, शेवटची बैठक कधी झाली, हे आपण विचारायला नको का?

गुलामी निविदेतच सुरू होते

आता कारकुनाच्या नजरेने पाहू. समजा, एका कामाला २० माणसे लागतात. २० माणसांचे किमान वेतन, त्यावर मालकाचा भविष्य निर्वाह निधीचा १२ टक्के हिस्सा, राज्य विम्याचे सव्वातीन टक्के, डिझेल, हातमोजे, बूट, हे सगळे मांडा. ठेकेदाराने भरलेला दर या बेरजेपेक्षा कमी असेल, तर त्याचा नफा येणार कोठून? मजुराच्या पोटातून! "सर्वांत कमी दर" म्हणून अशी निविदा मंजूर करणारा तेथेच वेठबिगारीवर सही करतो.

हे फक्त नगरपरिषदेपुरते नाही. एमआयडीसीतील कारखाने, दवाखाने, मंगल कार्यालये, सोलापूर महामार्गावरची हॉटेले यांचाही कचरा कोणीतरी उचलतोच. ठेकेदाराखाली मुकादम, मुकादमाखाली नवरा-बायकोची जोडी, पलीकडे कचरा वेचणाऱ्यांना उचल देऊन त्यांचा माल पडत्या भावाने घेणारा भंगारवाला, अशी ही साखळी आहे. वरचा म्हणतो, "खालचे मला माहीत नाही." परंतु ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यावी, ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितेतही आहे.

बांधलेल्या माणसाला "नाही" म्हणता येत नाही, हा सर्वांत मोठा धोका. मार्च २०२३ मध्ये बारामती तालुक्यातील खांडज येथे शेणाच्या टाकीत एकामागोमाग उतरलेले ४ जण दगावले. ते घरचेच काम होते. पण कर्जाखाली दबलेल्या मजुराला अशा टाकीत उतर म्हटले, तर तो काय करणार? माणसाला गटारात उतरवून साफसफाई करून घ्यायला २०१३ च्या कायद्याने मनाई आहे, हे प्रत्येक मजुराला माहीत हवे.

वाट आहे

पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. त्यातूनच कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि २००८ पासून तिने महापालिकेशी थेट करार करून, मध्ये ठेकेदार न ठेवता काम सुरू केले. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने २,७०० सफाई कामगारांचा लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि एप्रिल २०१७ मध्ये त्यांना कायम करण्याचा निकाल मिळवला.

आपणही आजपासून चार गोष्टी कराव्यात. एक, मजुरी स्वतःच्याच खात्यात, आणि पासबुक व कार्ड स्वतःच्याच हातात. दोन, दरमहा पगारपावती आणि भविष्य निधीचा हिशोब मागणे. तीन, उचल घेतलीच तर तारीख, रक्कम आणि प्रत्येक कपात स्वतःच्या वहीत लिहिणे. स्वतःला येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकराकडून लिहून घेणे. चार, १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करून निविदा, हजेरीपट आणि निधीचे चलन यांच्या प्रती काढणे व तिन्हींतील नावे ताडून पाहणे.

त्या भगिनीसाठी आम्ही एवढेच केले. बँकेचा उतारा जोडून अर्ज लिहिला. चौकशीची तारीख पडण्यापूर्वीच कार्ड परत आले आणि "बाकी" हा शब्द मुकादमाच्या तोंडून पुन्हा निघाला नाही.

एक गोष्ट सांगताना जड वाटते. तो मुकादम आपल्याच समाजाचा होता. शिकलेली आपली मुले आता ठेके घेऊ लागली आहेत, त्याचा आनंदच आहे. परंतु तथागतांनी उपासकाला वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत माणसांचा व्यापारही आहे. उचलीवर माणूस अडकवून ठेवणे हा त्याहून वेगळा व्यापार नव्हे. वतनाच्या जोखडातून सुटलेल्यांच्या नातवांनी दुसऱ्याच्या मानेवर जोखड ठेवू नये.

येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर पासबुके घेऊन बसू या. हिशोब मी करून देईन. जयभीम!