धडधाकट वासरू चौथ्या दिवशी का दगावते?

जामसंड्यासारख्या गावी संकरित गाईच्या गोठ्यात क्वचित असे घडते की, वासरू धडधाकट जन्मते, उठून चीक पिते. दुसऱ्या दिवशी मात्र मलूल होते, आचळाला तोंड लावीत नाही, भिंतीला डोके टेकून उभे राहते, आणि झटके येऊन चार-पाच दिवसांत दगावते. दोष चिकाला किंवा दृष्टीला दिला जातो आणि पुढील वासराचा चीक तोडला जातो. ही चूक घातक होय.

लहान वासरे बहुधा हगवणीने व बेंबी पिकून दगावतात, हे खरे. परंतु होल्स्टीन रक्ताच्या वासरात वरील लक्षणे दिसल्यास सिट्रुलिनेमिया या आनुवंशिक दोषाचीही शंका घ्यावी. ऑस्ट्रेलियात १९८६ साली त्याचे वर्णन झाले.

दुधातील प्रथिनांपासून अॅमिनो आम्ले बनतात. गरजेहून अधिक आम्लांचे विघटन होताना अमोनिया हे विष निर्माण होते. यकृत टप्प्याटप्प्याने त्याचा युरिया करते (शेतात घालतो तोच) व तो मूत्रावाटे बाहेर पडतो. यांतील एक टप्पा सिट्रुलिन या अॅमिनो आम्लाचा. कलिंगडात हे आम्ल विपुल असते. त्याला पुढे नेणारे विकर, म्हणजे एन्झाइम, नसले की सिट्रुलिन रक्तात साचते, अमोनिया वाढतो व मेंदू बाधित होतो. गर्भात असता हा भार आईचे शरीर वाहते. म्हणून जन्मतः व्यंग दिसत नाही. हे विकर नसलेली उंदराची पिलेही जन्मानंतर एक-दोन दिवसांतच मरतात, असे प्रयोगशाळेत आढळले आहे.

आई व बाप दोघांकडून सदोष जनुक आले तरच वासरू आजारी पडते. एकाकडूनच आले तर ते वाहक होते, पण निरोगी राहते. दोन वाहकांच्या संयोगात प्रत्येक वेतास चारांत एक असा धोका असतो. तेव्हा अशी गाय विकून टाकण्याची घाई नको. निर्दोष वळूपासून तिला होणारी वासरे या दोषाने मरत नाहीत.

यावर गोठ्यात करता येण्याजोगा उपचार नाही. शासनमान्य केंद्रांतील होल्स्टीन वळूंची या दोषासाठी चाचणी होते. भीती आहे ती गावात फिरणाऱ्या, चाचणी न झालेल्या संकरित वळूची, आणि त्याच्याच कालवडी पुन्हा त्याला दाखविण्याची. ग्रामसेवकांनी कृत्रिम रेतनाच्या वेळी कांडीवरील वळूचा क्रमांक गाईच्या नोंदवहीत उतरवून घ्यावा, आणि वासरू वरीलप्रमाणे आजारी पडताच पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास तो क्रमांक कळवावा.