रणात उधारी नाही

किराणा दुकानात एक पाटी हमखास दिसते : “आज रोख, उद्या उधार.” पाटी असते खरी, पण उधारी काही थांबत नाही. दुकानदारही देतो, आपणही घेतो. आपल्याकडचा मोटारप्रवासही असाच उधारीवर चालतो. पाणी संपले तर पुढच्या ढाब्यावर मिळते, पंक्चर झाले तर कोपऱ्यावर टायरवाला असतो, पेट्रोल संपले तर कोणीतरी भला माणूस दुचाकीवर बसवून पंपापर्यंत नेतो. या सगळ्यांच्या भरवशावर आपण घरून काहीही न घेता निघतो आणि सुखरूप परतही येतो. पण जेथे ढाबा नाही, टायरवाला नाही आणि भला माणूसही तासन् तास फिरकत नाही, अशा मुलखात ही पाटी अक्षरशः खरी ठरते. तेथे जे बरोबर आणले तेच आपले.

पांढुर्णा-सौंसरकडच्या आम्ही चार मित्रांनी येत्या डिसेंबरात स्वतः गाडी चालवीत कच्छचे रण पाहायचे ठरविले. गाडी एका मित्राच्या वडिलांची. काकांनी ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, “गाडी देतो, पण वहीत हिशेब मांडून आणा. पैशांचा नको, पाणी, पेट्रोल आणि वेळेचा.” वाणिज्य शाखेचे विद्यार्थी म्हणून आम्हाला हे काम सोपे वाटले. ते सोपे नव्हते. ते कसे मांडावे, हे सांगण्यासाठीच हा लेख.

वाट

पांढुर्णा व सौंसर हा मध्य प्रदेशातला मराठीभाषक, संत्र्यांचा मुलूख. पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात असलेल्या या दोन तहसिलींचा २०२३ साली वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. गंमत अशी की, पांढुर्ण्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४७ बैतूल, इंदूर, गोध्रा, अहमदाबाद करीत थेट सौराष्ट्रातल्या बामणबोरपर्यंत जातो. म्हणजे आमच्या दारातला रस्ताच आम्हाला कच्छच्या उंबरठ्याशी नेऊन सोडतो. पांढुर्णा ते भुज हे अंतर सुमारे अकराशे किलोमीटर. चालविणारे दोघे असले तरी याला दोन पूर्ण दिवस द्यावेत आणि रात्री गाडी चालवू नये. हा भाग उधारीचा आहे. येथे सगळे मिळते. खरा हिशेब भुजच्या पुढे सुरू होतो.

कच्छचे रण पावसाळ्यात पाण्याखाली असते. ते ओसरले की मिठाचा थर उरतो. हा थर वरून फरशीसारखा घट्ट दिसतो, पण खाली चिखल असू शकतो. म्हणून पहिला नियम : डांबरी रस्ता सोडून रणात गाडी घालायची नाही, समोर इतरांच्या चाकोऱ्या दिसत असल्या तरीही नाही. त्या चाकोऱ्या कोणत्या महिन्यातल्या आणि किती वजनाच्या गाडीच्या, हे आपल्याला कळत नाही. उन्हाळ्यात तर या प्रवासाचा विचारच करू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ योग्य.

पाणी

माणशी रोज ५ लिटर पाणी पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी धरावे. प्रवास एका दिवसाचा असला तरी गाडी बंद पडल्यास मदत येईपर्यंत आणखी दोन दिवस धरावेत. चार माणसे, तीन दिवस, रोजचे ५ लिटर, म्हणजे ६० लिटर. रेडिएटरसाठी ५ लिटर वेगळे. हे पाणी एकाच पिंपात ठेवू नये. वीस-वीस लिटरचे तीन जार घ्यावेत. एक फुटला तरी दोन उरतात. आणखी एक गोष्ट विसरली जाते : ६० लिटर पाणी म्हणजे ६० किलो वजन. गाडीत जणू पाचवा माणूस बसला. तेव्हा सामानातले काहीतरी कमी करावे लागते. आमच्या यादीतून सर्वांत आधी गेला तो मोठा स्पीकर.

पेट्रोल

भुजहून खावडा, तेथून काळा डुंगर, मग रणाच्या मधून गेलेल्या नव्या रस्त्याने धोलावीरा आणि रापर-भचाऊमार्गे परत भुज, असा फेरा सुमारे ४०० किलोमीटरचा होतो. गाडी लिटरला १८ किलोमीटर जाते, असे काकांचे म्हणणे. म्हणजे २२ लिटर. चुकलेली वळणे, वातानुकूलन, समोरचा वारा यांसाठी निम्मे अधिक धरले तर ३३ लिटर. टाकी ३७ लिटरची. हिशेब जुळला! आम्ही वही घेऊन काकांकडे गेलो. ते म्हणाले, “हा आकडा मी एकटा नागपूरला जातो तेव्हाचा आहे. तुम्ही चौघे आणि वर ते पाणी. आधी इथेच तालीम करा.”

तालमीला आम्ही सौंसरहून सिलेवानी घाटाने छिंदवाडा आणि पुढे तामियाजवळच्या पातालकोटच्या कड्यापर्यंत जाऊन आलो. चौघे, तीन भरलेले जार आणि सगळे सामान घेऊन. तीन गोष्टी कळल्या. पहिली, एका जारचे झाकण गळते आणि घाट संपेपर्यंत मागची गादी भिजते. दुसरी, स्टेपनीत हवाच नव्हती. ती शेवटची कधी तपासली हे घरात कोणालाच आठवेना. तिसरी सर्वांत महत्त्वाची : गाडीने लिटरला १३ किलोमीटरच दिले.

रणातला रस्ता घाटासारखा चढाचा नाही, तेथे गाडी जास्त जाईल, असा युक्तिवाद आमच्यापैकी एकाने केला. पण आमच्याच जमाखर्चाच्या पुस्तकात एक तत्त्व आहे : संभाव्य तोट्याची तरतूद करावी, संभाव्य नफा जमेस धरू नये. तेव्हा १३ चाच आकडा धरला. ४०० किलोमीटरला ३१ लिटर, निम्मे अधिक धरून ४६ लिटर. टाकी ३७ ची!

परदेशी पुस्तकांत यावर उपाय सांगतात की जादा पेट्रोल डब्यात भरून न्यावे. आपल्याकडे पंपावर सुट्या डब्यात-बाटलीत पेट्रोल देत नाहीत, आणि चार माणसांच्या बंद गाडीत ते ठेवणे धोक्याचेही आहे. मग उपाय एकच, बेत बदलणे. आम्ही फेऱ्याचे दोन तुकडे केले. पहिल्या दिवशी भुज-खावडा-काळा डुंगर आणि परत भुज, सुमारे १९० किलोमीटर. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकी भरून भुज-खावडा-धोलावीरा, मुक्काम तेथेच, तिसऱ्या दिवशी रापरमार्गे भचाऊ. हे दोन दिवस मिळून सुमारे २८५ किलोमीटर. त्याला २२ लिटर, निम्मे अधिक धरून ३३. भचाऊ घराच्या वाटेवरच असल्याने भुजला परतायचे कारण उरत नाही. रापरला पंप आहे, पण तो हिशेबात धरलेला नाही. मिळाले तर नफा.

वेळ

पांढुर्ण्यापेक्षा भुज बरेच पश्चिमेला आहे. घड्याळ तेच असले तरी तेथे सूर्य सुमारे पस्तीस मिनिटे उशिरा उगवतो आणि तितकाच उशिरा मावळतो. डिसेंबरात घरच्या सवयीने पहाटे सहाला निघालो तर बराच वेळ अंधारातच गाडी चालवावी लागेल, आणि अंधारात रस्त्यावर गुरे, नीलगाई, उंट असतात. म्हणून उजाडल्यावर निघायचे आणि मावळतीच्या एक तास आधी मुक्कामी पोहोचायचे. पांढऱ्या रणात जायचे तर परवाना लागतो. तो आधी ऑनलाइन किंवा भिरंडियाराच्या नाक्यावर घ्यावा. हा सीमेलगतचा भाग असल्याने ओळखपत्र, गाडीची व विम्याची कागदपत्रे प्रत्येक वेळी जवळ हवीत.

निरोप

आता शेवटचे आणि माझ्या मते सर्वांत मोठे कलम. ऑस्ट्रेलियाच्या निर्मनुष्य अंतर्भागात १८६० साली बर्क आणि विल्स यांची मोहीम गेली. तिच्यासाठी उंट नेले होते ते कराचीहून, म्हणजे कच्छच्या शेजारूनच. परतताना २१ एप्रिल १८६१ च्या संध्याकाळी ते कूपर्स क्रीकच्या तळावर पोहोचले. त्यांची चार महिने वाट पाहणारी तुकडी त्याच दिवशी सकाळी निघून गेली होती. अवघ्या काही तासांची चुकामूक. पुढे दोघेही तेथेच मरण पावले. तिसरा सोबती किंग तिथल्या आदिवासींच्या आश्रयाने वाचला. शंभर वर्षांनी, १९६३ च्या डिसेंबरात, त्याच देशातल्या बर्ड्सव्हिल मार्गावर एका कुटुंबाच्या मोटारीतले पेट्रोल संपले. त्यांनी गाडी सोडून चालायला सुरुवात केली. पाचही जण तहानेने गेले. तेव्हापासून तेथे प्रत्येक प्रवाशाला एकच सांगितले जाते : गाडी सोडू नका. गाडीची सावली मिळते आणि शोधणाऱ्याला माणसापेक्षा गाडी लवकर दिसते.

तिकडे आज उपग्रहावर चालणारा फोन नेण्याचा सल्ला देतात. आपल्या देशात तो परवानगीशिवाय बाळगणे हा गुन्हा आहे, आणि साध्या मोबाइलला रणात सगळीकडे रेंज मिळेलच असे नाही. म्हणून आम्ही जुनाच मार्ग धरला. रोजची वाट, मुक्काम आणि पोहोचण्याची वेळ लिहिलेला कागद काकांकडे राहील. रात्री आठपर्यंत फोन आला नाही तर ते मुक्कामाच्या ठिकाणी फोन करतील. नऊपर्यंत पत्ता लागला नाही तर ११२ वर. यात एक अट आम्हालाही बांधते : वाटेत मोह झाला म्हणून कागदावर नसलेल्या रस्त्याला वळायचे नाही. वळलो तर शोधणारे चुकीच्या वाटेवर शोधतील.

धोलावीऱ्याला आम्ही जाणार आहोत ते याच हिशेबाचे एक मोठे उदाहरण पाहायला. हडप्पा संस्कृतीतल्या या नगराला २०२१ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. मनसर आणि मनहर हे दोन ओढे केवळ पावसाळ्यात वाहणारे. त्यांचे पाणी अडवून नगराभोवती एकामागून एक मोठी टाकी खोदली होती. चार महिन्यांच्या पावसावर बारा महिने काढायचे, हा त्यांचा राखीव निधी. तहान लागल्यावर विहीर खोदणाऱ्यांना तेथे नगर वसवता आले नसते.

सुधारलेली वही आम्ही काकांपुढे ठेवली. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली, एक-दोन बेरजा स्वतः करून पाहिल्या आणि किल्ली काढून दिली. वर म्हणाले, “स्टेपनीत हवा भरून आणा आधी.”