‘गार’ धुरालाही धुरांडं लागतं

कॅनडात किंवा फिनलंडमध्ये घर बांधायला काढलेल्या मराठी मंडळींकडून मेसनरी हीटरविषयी एक वाक्य हमखास ऐकू येतं, आणि दर वेळी संताप होतो. ‘ही शेगडी सगळी उष्णता स्वतःच शोषून घेते, बाहेर जातो तो गार धूर. त्याला एवढं महागडं धुरांडं कशाला? पत्र्याचा पाइप पुरे!’

यातलं पहिलं अर्धं बरंचसं खरं आहे, म्हणून दुसरं अर्धं खपून जातं. मेसनरी हीटर म्हणजे विटांची किंवा सोपस्टोनची अवजड शेगडी. अमेरिकेच्या एएसटीएम ई-१६०२ या मानकानुसार किमान ८०० किलोची. दिवसातून एक-दोनदा भरपूर लाकूड झपाट्याने जाळायचं आणि तापलेल्या विटांच्या उबेवर उरलेला दिवस काढायचा. त्यासाठी बऱ्याच हीटरांत धूर आधी वर चढतो, मग बाजूच्या पोकळ्यांतून खाली उतरतो आणि तळाशी धुरांड्यात शिरतो.

आता विचार करा, गरम धुराला खाली उतरवतं कोण? आत पंखा नसतो. धुरांड्यातला तापलेला वायू बाहेरच्या हवेपेक्षा हलका असतो, त्यातून जी ओढ तयार होते तेवढीच. बाहेर ० अंश, धुरांडं ५ मीटर आणि आत सरासरी १५० अंश असतील, तर ही ओढ साधारण २२ पास्कल भरते. पत्र्याच्या पाइपात आतलं तापमान ६० वर घसरलं की ती ११ होते. त्यात बाहेर १५ अंश असतील तर जेमतेम ८. अशा शेगडीला सहसा १२ पास्कलच्या आसपास ओढ लागते. म्हणजे त्या पत्र्याच्या पाइपाने धूर खोलीतच यायचा.

उघडी फायरप्लेस उष्णता उधळते, म्हणून तिचं कसंही धुरांडं चालून जातं. हीटर धुरात उष्णता फार कमी शिल्लक ठेवतो. ती धुरांड्यानेच जपायची असते. म्हणून धुरांडं बाहेरच्या भिंतीवर न चढवता घराच्या आतून न्यावं, त्याला उष्णतारोधक आवरण असावं आणि रुंदी हिशेबाने ठरवावी. जागेवर बांधल्या जाणाऱ्या हीटरांसाठीचं युरोपीय मानक ईएन १५५४४ दाबाबरोबर दवबिंदूचाही हिशेब मागतं. कारण धूर फार गार झाला की भिंतींवर पाणी सुटतं आणि ओल्या लाकडाचा डांबरट थर बसतो. तो थर कधी पेटलाच तर? युरोपात काजळीची आग सोसणाऱ्या धुरांड्यांची चाचणी १००० अंशांवर ३० मिनिटं घेतात, ती याचसाठी. शिवाय पेटवताना बगलेची झडप उघडली की धूर वळणं टाळून थेट धुरांड्यात जातो, तेव्हा तो मुळीच गार नसतो.

शेगडी आणि धुरांडं यांच्यातल्या जोडाचंही तसंच. शेगडी तापून फुगते, धुरांडं वेगळ्या मापाने फुगतं. मधे सिमेंट ठासलं की तडे ठरलेलेच. तिथे उष्णता सोसणारा लवचीक दोर किंवा सिरॅमिक लोकर लागते आणि तळाशी काजळी काढायचं दार.

असेच आणखी काही समज. ‘जुन्या फायरप्लेसचं रुंद धुरांडं आयतं आहे’: रुंद पोकळीत धूर रेंगाळून गार होतो, आत योग्य मापाचं अस्तर बसवावं लागतं.

‘जितकं उंच तितकं उत्तम’: छपरावर उघडा राहिलेला लांब भाग धूर गारच करतो.

‘दोन शेगड्यांना एक धुरांडं’: बंद शेगडीतून थंड हवा शिरते आणि चालू शेगडीची ओढ पडते.

आणि ‘निखारे असतानाच धुरांड्याची झडप लावली की ऊब वाया जात नाही’ हा समज जीव घेतो. धगधगत्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना वास, ना रंग. फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला १९०२ मध्ये पॅरिसच्या राहत्या घरी याच वायूने गेले, तेव्हा धुरांडं नीट वाहत नव्हतं. फिनलंडमध्ये झडपेला मुद्दाम फट ठेवतात, ती पूर्ण बंद होऊ नये म्हणून. एकही लाल निखारा दिसेनासा झाल्यावरच झडपेला हात लावावा, आणि खोलीत या वायूचा अलार्म हवाच.