चष्मा

पुण्याच्या वैकुंठ स्मशानभूमीत विद्युतदाहिनीसमोर तिरडी टेकवलीय आणि आम्ही शेजारीपाजारी चपला काढायच्या की नाही, याच घोळात उभे. काकू 81 वर्षांच्या होत्या. एकुलती एक मुलगी, आणि अग्नी तिलाच द्यायचाय. मंत्र सांगायला आलेल्या बाई ज्ञान प्रबोधिनीत पौरोहित्य शिकलेल्या.

त्यांना हाक काय मारायची? मामा 'गुरुजी'पाशी अडखळतात. "ताई म्हणा," एवढं सांगून त्या मुलीजवळ जातात. पोथी अजून पिशवीतच.

"रात्रभर जागीच ना?"

मुलगी दवाखान्यातल्या रात्रीचं सांगू लागते. क्रम चुकतो, परत पहिल्यापासून सुरू करते. ताई 'हं'सुद्धा म्हणत नाहीत, ऐकत राहतात.

मागे कुणीतरी कुजबुजतं, "पुतण्या होता की!" याच पुण्यात 1890 साली जोतीराव फुल्यांच्या अंत्ययात्रेत सावित्रीबाईंनी अग्नीचं टिटवं धरलं होतं. असो. कुजबुज ताईंनाही ऐकू गेली असणार. त्या वळून बघत नाहीत.

मग पोथी उघडते. ऋग्वेदाच्या 10व्या मंडलातलं सूक्त, आधी संस्कृतात, मागोमाग साध्या मराठीत. अग्नीला विनवणी आहे, फार पोळू नकोस. दृष्टी सूर्याकडे जावी, श्वास वाऱ्यात मिसळावा.

"चष्मा ठेवू का तिच्याजवळ?" मुलगी मध्येच विचारते. तो तिच्या मुठीतच आहे. "त्याच्याशिवाय तिला काही दिसत नाही."

दाहिनीवरचा माणूस काहीतरी बोलायला तोंड उघडतो. ताई नुसता तळहात दाखवून त्याला थांबवतात. आता आत्म्याच्या अमरत्वाचं काहीतरी येणार, म्हणून मी कान टवकारतो. काहीच येत नाही. बाहेर दुसरी शववाहिका येऊन थांबते.

"कधीचा गं हा?" ताई विचारतात.

"चार वर्षं झाली. फ्रेम मी निवडली होती. तिला मुळीच आवडली नव्हती." मुलीला हसू फुटतं आणि त्यातच रडू. बऱ्याच वेळाने ती काचा ओढणीने पुसते नि चष्मा स्वतःच्या पर्समध्ये ठेवते.

"हात थरथरला तर मी धरते," ताई म्हणतात.

कापूर पेटतो. हात थरथरतोच. त्या धरतात.

दाहिनीचं दार लागल्यावर मामा दक्षिणेचं पाकीट पुढे करतात.

"ते राहू द्या मामा. हिच्या पोटात सकाळपासून काही गेलंय का, ते आधी बघा."